वायसरशिवाय वाजेल का?

भाऊबीज आटोपली की भंडारा जिल्ह्यात मंडईचे दिवस लागतात. आज या गावची मंडई, उद्या त्या गावची. दिवसा पाहुण्यांची वर्दळ, मिठाईची दुकानं, पाळणे. रात्री दंडार, खडी गंमत, नाहीतर तंबूतलं झाडीपट्टीचं नाटक, तेही पहाटेपर्यंत. नाटकाच्या साथीला हल्ली ऑक्टोपॅड असतो. त्याला ना चकती लागते ना नट. वायर लावली की झालं. पण ऑर्केस्ट्रावाल्यांचा खराखुरा ड्रमसेट टेम्पोतून उतरला, की त्यातली एखादी वायसर, एखादा विंग नट, बोटाएवढी प्लास्टिकची नळी धानाच्या बांधीत हमखास गडप होते. अंधारात मोबाइलची बॅटरी लावून कोण शोधत बसणार? मग सगळे एकच म्हणतात: जाऊ द्या, तिच्यावाचून काय अडतंय!

कधी अडतं, कधी नाही. गंमत अशी, की या सामानात जे सगळ्यांत स्वस्त, तेच सगळ्यांत जास्त गरजेचं. आणि जे चकचकीत डबीत मिळतं, त्याच्यावाचून जग आजवर मजेत वाजवत आलंय.

जेवणाच्या ताटातली झांज

चांगल्या प्रतीच्या सिंबलचा धातू कोणता? ८० टक्के तांबं आणि २० टक्के कथील. आता आजीची काशाची वाटी आठवा. पारंपरिक कासं म्हणजे साधारण ७८ भाग तांबं, २२ भाग कथील. म्हणजे तळपायाला तेल लावून घासायची वाटी आणि ऑर्केस्ट्रातली क्रॅश सिंबल या सख्ख्या बहिणी निघाल्या! या मिश्रणाचा गुण असा, की ते कडक असतं आणि एकदा वाजलं की बराच वेळ घुमतं. अवगुणही त्याच कडकपणातला: ते ठिसूळ असतं. काशाचं ताट हातून पडलं की पोचा येत नाही, तडा जातो. ज्यांच्या घरी ते पडलंय त्यांना वेगळं सांगायला नको.

दोन धातूंच्या मधली नळी

म्हणूनच सिंबलच्या स्टँडवर एवढा लवाजमा असतो. मधल्या पोलादी आट्यांच्या दांडीवर प्लास्टिकची नळी, खाली धातूची वायसर, तिच्यावर फेल्टची चकती, मग सिंबल, वर पुन्हा फेल्ट आणि शेवटी विंग नट. नळी हरवली तर? पहिल्या रात्री काही होत नाही. दुसऱ्या रात्रीही नाही. पण दर फटक्याला सिंबलच्या भोकाची कड त्या आट्यांवर घासत राहते. आटे म्हणजे कानसच. काही महिन्यांत गोल भोक लांबोळकं होतं, मग त्याला कुलपाच्या भोकासारखी खाच पडते, आणि त्या खाचेतून एक दिवस तडा निघतो. काही रुपयांच्या नळीपायी काही हजारांची सिंबल भंगारात. यात वाद घालायला जागाच नाही. नळी हवी म्हणजे हवी.

फेल्टचं तसंच. फेल्ट नसलं की काही जण नट जोरात आवळतात, म्हणजे खडखड थांबते. थांबते खरी, पण सिंबलही मुकी होते. मार बसल्यावर तिला झुलायला जागा हवी. झुलता आलं नाही की सगळा धक्का धातूतच जिरतो आणि ती फुटते. नट हरवण्यापेक्षा तो करकचून आवळणं जास्त महागात पडतं.

वारकऱ्याला हे कोणी शिकवावं लागलं नाही. टाळाच्या मधल्या भोकातून दोरी ओवलेली असते, धातूला बोट लागत नाही, म्हणून टाळ खणखणतो. तोच टाळ मुठीत धरून वाजवून पाहा. दोरी हीच त्याची नळी आणि तेच त्याचं फेल्ट.

पितळेच्या गावची अडचण

भंडारा शहर पितळेच्या भांड्यांसाठी नावाजलेलं. गुंड, घंगाळ, परात, लोटा. स्टीलनं घराघरातून त्यांना हुसकलं तरी शहराची ओळख अजून पितळेचीच आहे. मग झांजाही इथेच का ओतू नयेत? कारण पितळ म्हणजे तांबं आणि जस्त, आणि ड्रमवाल्यांच्या कानाला पितळ पटत नाही. नव्या सेटसोबत फुकटात आलेल्या सिंबल बहुधा पितळी असतात. काठी मारली की ‘खण्ण’ होतं आणि आवाज लगेच बसतो. फायदा एकच, त्या सहसा फुटत नाहीत, नुसत्या वाकतात. शिकाऊ पोराच्या हाती पितळ दिलेलंच बरं. काशाच्या सिंबलचं सगळ्यांत जुनं नावाजलेलं घराणं इस्तंबूलचं, झिल्डजियान. त्यांची पेढी १६२३ सालची, म्हणजे शिवाजी महाराजांच्या जन्माच्या सात वर्षं आधीची, आणि ती आजही चालू आहे, आता अमेरिकेत.

आजचं मुख्य, कालचं फालतू

ज्याला आपण ड्रमसेटचा प्राण समजतो ते पायानं वाजवायचं पॅडल हेसुद्धा एके काळी वरकड सामानच होतं. आधी वादक मोठा ढोल आणि छोटा स्नेअर ड्रम शेजारी ठेवून दोन्ही हातांच्या काठ्यांनीच वाजवत. पाय नुसते जमिनीवर. विल्यम लुडविग यांनी शिकागोत चपळ चालणारं पॅडल बनवून १९०९ मध्ये भावासोबत कंपनी काढली, आणि दोन-तीन माणसांचं काम एकाच्या गळ्यात पडलं. बँडमालक खूश झाले असणार. हाय-हॅट, म्हणजे पायानं मिटणारी झांजांची जोडी, आली १९२० च्या दशकात. तेव्हा एखाद्या फॅन्सी क्लिपला ‘नसती थेरं’ म्हणताना जरा जपून.

जोडीतली एक तिरकी

हाय-हॅटच्या खालच्या झांजेखाली एक टिचभर स्क्रू असतो. दहातले नऊ जण त्याला हातही लावत नसतील. तो फिरवला की खालची झांज किंचित तिरकी होते. कशासाठी? दोन्ही झांजा तंतोतंत सपाट मिटल्या तर मधली हवा कोंडते आणि ‘चिक’ऐवजी ‘फस्’ असा केविलवाणा आवाज निघतो. तिरकी असली की हवा एका बाजूनं सटकते. वरची झांज धरून ठेवणारा क्लच मात्र बिघडला की लपवता येत नाही. त्याचा खालचा नट सैल होतो, झांज धप्पकन खाली बसते आणि पुढचं अख्खं गाणं बंद हाय-हॅटवर वाजवावं लागतं.

पाच नाही, सहा नाही

आता खरी डोकेदुखी. सिंबल स्टँडचा विंग नट हरवला तर घाबरायचं कारण नाही. बहुतेक तैवानी-चिनी स्टँडची वरची दांडी ८ मिलिमीटरची, काहींची ६ ची. तो नट तुमसरच्या, साकोलीच्या कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. पण ड्रमचं कातडं ताणणारा लांब बोल्ट हरवला की पंचाईत. दुकानदार विचारणार, ‘पाचचा देऊ का सहाचा?’ तुम्ही दोन्ही लावून पाहता. पाचचा आत लडबडतो, सहाचा तोंडाशीच अडतो. कारण तो आहे साडेपाचचा! जगभरच्या बहुतेक ड्रमना १२-२४ नावाचे अमेरिकी आटे असतात, इंचाला २४. मिलिमीटरच्या खोक्यात तो सापडायचाच नाही. त्यासाठी भंडाऱ्यापासून साठेक किलोमीटरवरचं नागपूर गाठा, नाहीतर कुरियरची वाट बघत बसा. म्हणून एक सल्ला: बाकी काही घेऊ नका, पण असे दोन बोल्ट पिशवीत टाकून ठेवा.

त्याच बोल्टच्या चौकोनी डोक्यावर बसते ती चावी. पाव इंच चौकोनाची, टी-आकाराची, चिमुकली. पक्कडीनं काम भागतं असं ज्याला वाटतं त्यानं दोन आठवडे वाट पाहावी. चौकोनी डोकं गोल होतं आणि मग पक्कडही हात टेकते. १९५० च्या दशकाअखेर प्लास्टिकचं ‘कातडं’ आलं (रेमो कंपनी १९५७ ची), त्याआधी वासराचं कातडं असायचं. दमट हवेत ढिलं, शेकोटीपाशी ताठ. डफवाले अजूनही विस्तवावर डफ शेकतातच. प्लास्टिकमुळे हा जाच कमी झाला. चावीची सुट्टी मात्र झाली नाही. तबल्याची हातोडी आणि आठ गट्टे तरी कुठे सुटलेत? आणि तबल्याखालची चुंबळ काढून घ्या बरं, तबलजी कसा खवळतो ते पाहा. तिला मात्र कोणी ‘ॲक्सेसरी’ म्हणत नाही.

पळणारा ढोल

किकचा, म्हणजे पॅडलनं वाजवायचा, ढोल दर ठोक्याला पुढे सरकतो. दोन गाण्यांत वादकाचा पाय पूर्ण लांब होतो, चौथ्या गाण्याला तो स्टुलावरून घसरायच्या बेतात असतो. ढोलाच्या दोन पायांच्या रबरी टोकात बऱ्याचदा अणकुचीदार खिळा दडलेला असतो. रबर मागे फिरवलं की तो बाहेर येतो. खाली सतरंजी असेल तर खिळा, नुसती फरशी असेल तर रबर. रबर हरवलं असेल तर ढोलाला सुतळी बांधून तिचं दुसरं टोक स्टुलाच्या पायाला बांधा. वादकाचं वजनच ढोलाला धरून ठेवतं. जितका वादक जाडजूड, तितका ढोल शहाणा.

जुगाडाची पिशवी

सिंबलची नळी नाही? मोटारसायकलच्या पेट्रोल पाइपचा बोटाच्या पेराएवढा तुकडा ६ मिलिमीटरच्या दांडीवर छान बसतो. स्नेअरखालच्या तारा धरणारी दोरी तुटली? वैनगंगेकाठी ढिवर बांधव जाळी सांधायला जी बारीक नायलॉन दोरी वापरतात ती चालते, आणि दुकानातल्या दोरीपेक्षा जास्त टिकल्याचं आढळलं तर नवल नाही. स्टँडची उंची लक्षात ठेवणारा मेमरी लॉक नाही? पाण्याच्या पाइपाची आवळायची क्लिप लावा, नाहीतर रंगीत चिकटपट्टीची खूण करा. फेल्टऐवजी स्लीपरच्या रबराची चकती? वेळ मारून नेते, पण आवाज थोडा दबतो. फेल्ट आलं की ती काढून टाका.

हे मात्र राहू द्या

ड्रमचा लांबत जाणारा ‘टुंण्ण्’ दाबायला निळ्या जेलच्या गोळ्या मिळतात. छान असतात, पण धूळ बसली की चिकटत नाहीत आणि तंबूत धुळीला तोटा नसतो. बीटल्सच्या रिंगो स्टारनं रेकॉर्डिंगला ड्रमवर चहाचे टॉवेल पसरले होते. मेम्फिसचा ड्रमर अल् जॅक्सन स्नेअरवर आपलं पैशाचं पाकीट ठेवायचा. आपल्याकडे रुमालाची घडी आणि चिकटपट्टीचा तुकडा पुरतो. पाकीट ठेवायचं तर मंडईच्या गर्दीत विचार करून ठेवा. झटक्यात उघडणारे स्प्रिंगचे नट, रंगीत फेल्ट, चमकती टोपणं हीसुद्धा त्याच जातीची. हौस असेल तर घ्या. किकच्या कातड्यावर पॅडलचा बीटर बसतो तिथला ठिगळासारखा गोल पॅच तेवढा याला अपवाद. तो लावला नाही तर कातड्याला नेमकं तिथेच भोक पडतं.

आणि सेलसुद्धा

जिल्ह्याची एक गंमत राहिलीच. तुमसर तालुक्यात चिखला आणि डोंगरी बुजुर्ग इथे मॉइल कंपनीच्या मँगनीजच्या खाणी आहेत. पोलाद म्हटलं की त्यात थोडं तरी मँगनीज पडतंच, म्हणजे ड्रमच्या स्टँडमध्येही ते आहे. शिवाय डोंगरी बुजुर्गचं खनिज कोरड्या सेलच्या कारखान्यांना जातं. टॉर्चमधला एखादा सेल त्यातूनही झालेला असेल. वरठीला सनफ्लॅगचं पोलाद, तुमसरला मँगनीज, भंडाऱ्यात पितळ. एवढं सगळं जिल्ह्यात, आणि एका साडेपाच मिलिमीटरच्या बोल्टसाठी मात्र नागपूरची एसटी!