नाद थांबविण्याची कला

वाद्य वाजविणें म्हणजे ध्वनि उत्पन्न करणें, अशी सर्वसाधारण समजूत आहे. परंतु कांहीं वाद्यांत ध्वनि उत्पन्न करण्यापेक्षां तो वेळींच थांबविणें अधिक कठीण असतें. व्हायब्राफोन हें त्यांपैकीं एक होय.

हें वाद्य १९२० नंतरच्या दशकांत अमेरिकेंत निर्माण झालें. पेटीच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या क्रमानेंच यांत धातूच्या पट्ट्या दोन ओळींत मांडलेल्या असतात. सामान्यतः त्या ३७ असून तीन सप्तकें व्यापतात. प्रत्येक पट्टीखालीं एक नळी व तिच्या तोंडाशीं एक चकती असते. विजेच्या यंत्रानें चकती फिरूं लागली म्हणजे नळीचें तोंड उघडतें-मिटतें व नादास मंद कंप येतो. १९३० सालीं लुई आर्मस्ट्राँग यांच्या एका ध्वनिमुद्रणांत लायोनेल हॅम्प्टन यांनीं हें वाद्य वाजविलें, आणि जॅझ संगीतांत त्यास स्थान मिळालें. जॅझ हें अमेरिकेंतील आफ्रिकी वंशाच्या लोकांत जन्मलेलें संगीत असून, आयत्या वेळीं सुचणारा स्वरविस्तार हा त्याचा प्राण आहे.

पेटीवरील बोट उचललें कीं स्वर थांबतो. या धातूच्या पट्टीचा नाद मात्र बराच वेळ घुमत राहतो. म्हणून पट्ट्यांखालीं मऊ नमदा लावलेली एक दांडी असते. पायानें पेडल दाबलें म्हणजे ती दूर होऊन नाद घुमतात. पाय उचलतांच सारे नाद बंद होतात. एकट्या वादकाची अडचण येथेंच आहे. साथीस पियानो व ढोल असले तर ते मेळ व ताल सांभाळतात. एकट्यानें पाय उचलला तर खालची साथही मरते. न उचलावा तर जुने-नवे स्वर मिसळून नुसता गोंगाट होतो.

यावर उपाय असा: डाव्या हातानें खालचे स्वर वाजवून पाय दाबलेलाच ठेवावयाचा. उजव्या हातानें 'सा' नंतर 'रे' वाजवितांना दुसऱ्या काठीचें टोक त्याच क्षणीं 'सा' वर अलगद टेकवावयाचें. तेवढाच स्वर थांबतो. बाकीचे घुमत राहतात.

या एकल वादनास मोठी प्रतिष्ठा गॅरी बर्टन यांनीं मिळवून दिली. त्यांचा जन्म १९४३ चा, इंडियाना संस्थानांतील. लहान गांवांत साथीस वादक मिळेनात, म्हणून प्रत्येक हातांत दोन, अशा चार काठ्यांनीं ते सर्व साथ स्वतःच भरून काढूं लागले. १९७१ सालीं स्वित्झर्लंडांतील माँत्रो येथील महोत्सवांत त्यांनीं एकट्यानें वादन केलें. त्या वादनाचा समावेश असलेल्या ध्वनिमुद्रिकेस पुढें ग्रॅमी पारितोषिक मिळालें.

शिकणाऱ्यानें प्रथम दोन काठ्यांनीं सप्तकें घटवावींत, मग चार धराव्यात. एखादें संथ गीत घेऊन आधीं त्याची चाल, नंतर खालचे स्वर, व शेवटीं दोन्ही एकत्र वाजवावेत. हें साधल्यावरच स्वरविस्तारास हात घालावा. टेकविलेल्या काठीचा खट्‌ असा आवाज येतां कामा नये, आणि त्यासाठीं दोनच स्वर अर्धा अर्धा तास घोटावे लागतात.

पालकांस एवढीच विनंति कीं, कोणतेंही वाद्य शिकणारें मूल तेच दोन स्वर पुनःपुन्हां वाजवीत बसलें, तर तें वेळ दवडीत आहे असें समजूं नये. गाणें ऐकूं येण्यापूर्वींचें खरें काम तेंच असतें.