वाफेच्या इंजिनाचं तेलपाणी

मूर्तिजापूर स्टेशनातून अडीच फुटी रुळांची एक वाट ११३ किलोमीटरवरच्या यवतमाळला निघाली, दुसरी ७६ किलोमीटरवरच्या अचलपूरला. वऱ्हाडातला कापूस मुंबईच्या मुख्य मार्गावर आणायचा, हा किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीचा हिशेब. लोकांनी त्या गाडीला ‘शकुंतला’ म्हटलं. मँचेस्टरला १९२१ साली बांधलेलं झेडडी जातीचं इंजिन १९२३ पासून ती ओढू लागलं आणि १९९४ पर्यंत ओढत राहिलं. सत्तर वर्षं लोखंडावर लोखंड घासत राहायचं, तर नुसता कोळसा आणि पाणी पुरत नाही.

वाफेच्या इंजिनाचा दिवस तेलाच्या बुधलीनेच सुरू व्हायचा. गाडी सुटण्याआधी ड्रायव्हर लांब चोचीची बुधली घेऊन इंजिनाभोवती फिरे. चाकांना जोडणारे दांडे, त्यांच्या खिळी, आसांच्या पेट्या, काही सुटता कामा नये. आसाच्या पेटीतल्या बेअरिंगला मऊ पांढऱ्या धातूचं अस्तर असे. तेल आटलं की आस तापे आणि ते अस्तर चक्क वितळून जाई. म्हणून गाडी थांबली की खाली उतरून उपड्या हाताने पेट्या चाचपायच्या. हाताला चटका बसला तर पुढचा प्रवास धोक्याचा.

खरी पंचाईत सिलिंडरची. आत दाबाची वाफ, दट्ट्या सारखा मागेपुढे. तिथे बुधली पोहोचणार कशी? त्यावरचा तोडगा मोठा देखणा होता. तेलाच्या बंद भांड्यात थोडी वाफ सोडायची. ती थंड होऊन तिचं पाणी होई आणि जड म्हणून तळाशी बसे. पाणी वाढेल तसं वरचं तेल नळीतून थेंबाथेंबाने बाहेर पडे आणि वाफेबरोबर सिलिंडरकडे जाई. पंप नाही, दांडा नाही. काचेच्या नळीतून वर चढणारे थेंब मोजत ड्रायव्हर झडप सैल किंवा घट्ट करी.

पूर्वी सिलिंडरसाठी जनावरांची चरबीही वापरत. पण उष्णतेने तिची आम्लं सुटत आणि ती धातू खात. वाफ जास्त तापवायला लागल्यावर तर खनिज तेलाशिवाय इलाज उरला नाही. बाहेरच्या भागांना भारतीय रेल्वेत एरंडेलही चाले.

इंजिन हाकण्यातही या तेलाचं भान लागे. सुटताना वाफ दट्ट्याच्या जवळजवळ पूर्ण धावेला द्यायची, वेग आला की लवकर तोडायची आणि आत कोंडलेल्या वाफेलाच प्रसरण पावत दट्ट्या ढकलू द्यायचा. कोळसा वाचे तो इथे. उतारावर मात्र वाफ पार बंद करणारा ड्रायव्हर कच्चा. तसं केलं की दट्ट्या धुराड्याकडची गरम, राखमिश्रित हवा आत ओढे आणि तेलाचा थर करपे. जाणता माणूस वाफेची एक बारीक धार चालू ठेवी.

गाडीत चढणारा कापूस त्याआधी जिनात जाई. तिथेही वाफच. अकोला-अमरावतीकडच्या जिनांत एका इंजिनावर लांबलचक शाफ्ट फिरे आणि त्यावरून चामडी पट्ट्यांनी सरकी वेगळी करणाऱ्या रेच्यांच्या रांगा चालत. इथलं वंगण दुधारी होतं. कमी पडलं तर बेअरिंग तापे आणि हवेत तरंगणारं तूस त्यावर बसून पेट घेई. जास्त झालं तर ठिबकून रुईवर डाग पडे आणि भाव घसरे. आग आणि डाग यांच्यामधून वाट काढणाऱ्या तेलवाल्याचं नाव बाजाराच्या इतिहासात शोधूनही सापडायचं नाही. अडत्यांची मात्र सापडतात.

पुढे विजेच्या मोटारी आल्या, शाफ्ट आणि पट्टे उतरले. शकुंतलेच्या वाफेच्या इंजिनाची पाळी १५ एप्रिल १९९४ रोजी आली. त्याच्या जागी आलेल्या डिझेल इंजिनात तेल पंपानेच आतल्या आत फिरे. त्याचा दाब काटा दाखवी.