मिठाच्या खड्यात नेमकं काय असतं?

‘मीठ म्हणजे सोडियम आणि क्लोरीन. सोडियम पाण्यात पेटतं, क्लोरीन विषारी. आणि हे आपण रोज खातो!’ असा इशारा मोबाइलवर अधूनमधून फिरत असतो. सोडियम आणि क्लोरीनचं हे वर्णन खरं आहे. पहिल्या महायुद्धात १९१५ साली ईप्रच्या लढाईत हाच क्लोरीन वायू सैनिकांवर सोडला होता. मात्र मिठात ना तो धातू असतो, ना तो वायू. सोडियमच्या अणूत ११ इलेक्ट्रॉन असतात आणि सर्वांत बाहेरचा एकटा चटकन सुटतो. क्लोरीनकडे १७ असतात, त्याला एक कमी पडतो. ही देवघेव झाली की सोडियम धनप्रभारित आणि क्लोरीन ऋणप्रभारित होतो. अणुकेंद्रं जशीच्या तशी राहतात. एका इलेक्ट्रॉनने जागा बदलली एवढंच, पण दोघांचाही स्वभाव पार पालटतो.

दुसरा गैरसमज शाळेतल्या सूत्राने रुजवला आहे: एक सोडियम, एक क्लोरीन, असा मिठाचा ‘रेणू’. मिठाच्या स्फटिकात अशी जोडी नसतेच. प्रत्येक सोडियमभोवती सहा क्लोरीन, प्रत्येक क्लोरीनभोवती सहा सोडियम, आणि कोण कोणाचा जोडीदार हे सांगायची सोय नाही. विल्यम आणि लॉरेन्स ब्रॅग या बापलेकांनी १९१३ साली क्ष-किरणांच्या साहाय्याने ही रचना उलगडली. १९१५ साली दोघांना नोबेल मिळालं तेव्हा मुलगा अवघा २५ वर्षांचा होता. तरीही १९२७ मध्ये हेन्री आर्मस्ट्राँग हे ज्येष्ठ रसायनशास्त्रज्ञ ‘नेचर’मध्ये या रेणूविना मिठावर तुटून पडले. तेव्हा विद्यार्थ्यांचा गोंधळ उडाला तर नवल नाही. बारीक मीठ काळ्या कागदावर पसरून भिंगातून पाहावं. चौकोनी, सपाट बाजूंचे ठोकळे दिसतात; आतली मांडणीच बाहेर डोकावते. ०.३ मिलिमीटरच्या एका कडेवर असे सुमारे दहा लाख सोडियम-क्लोरीन ओळीने उभे असतात.

आमटीत मीठ विरघळतं तेव्हा ते नाहीसं होत नाही आणि त्यातून क्लोरीन वायूही सुटत नाही. पाण्याचे रेणू एकेका प्रभारित कणाला वेढून वेगळं करतात. समुद्रातही ते असेच सुटे असतात. मिठागरात उन्हाने पाणी आटलं की पुन्हा त्याच रचनेत बसतात.

म्हणूनच ‘शेंदेलोण नैसर्गिक, पुड्यातलं मीठ केमिकल’ हा भेद मला मुळीच पटत नाही. शेंदेलोण म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वी आटलेल्या समुद्राचंच मीठ. मुख्यतः सोडियम क्लोराइड, गुलाबी छटा लोहाच्या अंशामुळे. खरा फरक आयोडीनचा आहे. ग्राहकाच्या हाती पडणाऱ्या आयोडीनयुक्त मिठात किलोमागे किमान १५ मिलिग्रॅम आयोडीन असावं, असा आपल्याकडे नियम आहे. वैद्यकीय संशोधक व्ही. रामलिंगस्वामी आणि सहकाऱ्यांनी १९५६ पासून हिमाचलच्या कांगडा खोऱ्यात असं मीठ पुरवून पाहिलं, आणि आयोडीनच्या कमतरतेने होणारा तिथल्या मुलांमधला गलगंड झपाट्याने कमी झाला. आयोडीन न घातलेल्या शेंदेलोणात ते पुरेसं मिळत नाही.