शेतकी विद्यापीठ आणि आपलें शिवार

अमेरिकेंत १८६२ च्या कायद्यानें मध्यवर्ती सरकारनें राज्यांस जमिनी दिल्या. त्यांच्या विक्रीच्या पैशांतून शेतकीचीं कॉलेजें निघालीं. पुण्याचें स्वतंत्र शेतकी कॉलेज १९०७ चें. त्याचे प्राचार्य डॉ. हॅरोल्ड मॅन यांनीं आपल्या भागांतल्या पिंपळे सौदागरची पाहणी करून १९१७ सालीं ग्रंथ प्रसिद्ध केला. वांटण्यांनीं जमिनीचे केवढे तुकडे झाले, हें त्यांत दिसतें. (दप्तर हाताळणाऱ्यास त्याचें नवल वाटत नाहीं!) तुकडेबंदीचा कायदा मात्र १९४७ चा. राहुरीचें विद्यापीठ १९६८ सालीं स्थापन झालें व हें कॉलेज त्याकडे गेलें. माणची पुष्कळ जमीन आतां संगणक-उद्योगाखालीं गेली आहे. उरलेल्या गुंठ्यांत काय परवडेल, हें विचारण्यास बागाईतदारांनीं शिवाजीनगरच्या त्याच कॉलेजांत अवश्य जावें.