पदकतक्ता वाचायचा कसा? एशियाडमधला भारत आणि संशोधकाचे प्रश्न

१९५१ च्या पहिल्या एशियाडमध्ये भारताला ५१ पदकं मिळाली. हांगझोच्या एशियाडमध्ये १०७. आता समजा, तुम्ही तुमच्या सिनॉप्सिसमध्ये लिहिलंत की ‘बहात्तर वर्षांत आशियाई पातळीवर भारताची कामगिरी दुपटीहून अधिक सुधारली.’ हे वाक्य बरोबर की चूक?

आकडे दोन्ही बरोबर आहेत. तरी व्हायवाला हे वाक्य टिकणार नाही. का टिकणार नाही, ते आज बघू. तुमचा विषय खेळ नसला तरी चालेल. साक्षरता, पीक उत्पादन, पेटंटची संख्या, वर्षानुवर्षांची कुठलीही आकडेवारी घ्या, हेच प्रश्न पुढे येतात. एशियाडचा फायदा इतकाच की आकडे सगळ्यांना ओळखीचे असतात.

आधी आकडे समोर ठेवू

क्रम असा आहे: सुवर्ण, रौप्य, कांस्य, एकूण.

- १९५१, नवी दिल्ली: १५, १६, २०, एकूण ५१
- १९८२, नवी दिल्ली: १३, १९, २५, एकूण ५७
- १९९०, बीजिंग: १, ८, १४, एकूण २३
- २०१०, ग्वांगझो: १४, १७, ३४, एकूण ६५
- २०१८, जकार्ता-पालेमबांग: १६, २३, ३१, एकूण ७०
- २०२२, हांगझो: २८, ३८, ४१, एकूण १०७

शेवटच्या ओळीतच एक छोटी अडचण आहे. या एशियाडचं अधिकृत नाव ‘२०२२’, पण कोविडमुळे ते भरलं सप्टेंबर-ऑक्टोबर २०२३ मध्ये. तुमच्या एक्सेलमध्ये ‘वर्ष’ या रकान्यात काय टाकाल? काहीही टाका, पण एकदा ठरवलं की सगळीकडे तेच ठेवा आणि तसं लिहून ठेवा.

पहिला प्रश्न: कितीपैकी?

परीक्षेत ४० मार्क पडले असं कोणी सांगितलं, तर आपण लगेच विचारतो, ‘कितीपैकी?’ पदकांच्या बाबतीत मात्र हे विचारायचं राहून जातं.

१९५१ मध्ये सगळे मिळून ५७ इव्हेंट होते. त्यातली १५ सुवर्णं भारताची, म्हणजे २६ टक्के. १९८२ मध्ये सुवर्णपदकं होती सुमारे २००. भारताची १३, म्हणजे साधारण साडेसहा टक्के. हांगझोमध्ये ४८१ इव्हेंट झाले. भारताची सुवर्णं २८, म्हणजे ५.८ टक्के.

आलं लक्षात? एकूण पदकांमध्ये हांगझो सगळ्यात वर आहे, पण सुवर्णांच्या वाट्यात ते १९८२ च्याही किंचित खाली जातं.

मग वाटा हेच खरं मोजमाप म्हणायचं का? थांबा, अजून एक प्रश्न आहे.

दुसरा प्रश्न: समोर कोण होतं?

१९५१ मध्ये देश होते फक्त ११. चीन नव्हता. कोरियात युद्ध सुरू असल्यामुळे दक्षिण कोरियाही नव्हता. चीन पहिल्यांदा उतरला तो १९७४ च्या तेहरान एशियाडमध्ये. सोव्हिएत संघ फुटल्यावर कझाकस्तान, उझबेकिस्तान वगैरे देश १९९४ पासून आले. १९८२ मध्ये ३३ देश होते आणि हांगझोमध्ये ४५.

मग असं करून बघू. सुवर्णं सगळ्या देशांत सारखी वाटली असती तर भारताच्या वाट्याला किती आली असती, आणि प्रत्यक्षात त्याच्या किती पट आली?

- १९५१: सुमारे २.९ पट
- १९८२: सुमारे २.१ पट
- हांगझो: सुमारे २.६ पट

आता हांगझो पुन्हा १९८२ च्या वर गेलं. म्हणजे आकडे तेच, पण तीन मोजमापांनी तीन वेगवेगळे क्रम दिले. एकूण पदकांत हांगझो पहिलं आणि १९५१ शेवटचं. वाट्यात १९५१ पहिलं आणि हांगझो शेवटचं. ‘कितीपट’ मध्ये १९५१ पहिलं, हांगझो दुसरं, १९८२ तिसरं.

तिसरं मोजमापही निर्दोष नाहीच. त्यात भूतान आणि चीन एकाच मापाने मोजले जातात. पण मोजमापाची मर्यादा माहीत असणं आणि ती थीसिसमध्ये लिहिणं, हे संशोधकाचं कामच आहे. निर्दोष मोजमाप शोधत बसलात तर सिनॉप्सिस कधीच सबमिट होणार नाही.

तिसरा प्रश्न: यादीत काय आहे, आणि ते कधीपासून?

एशियाडमधल्या खेळांची यादी दर वेळी थोडी बदलते. १९८२ मध्ये गोल्फ, घोडेस्वारी आणि महिला हॉकी पहिल्यांदाच आले. भारताच्या १३ सुवर्णांपैकी घोडेस्वारीतली ३, गोल्फमधली २ आणि महिला हॉकीचं १, अशी ६ याच नव्या प्रकारांतली होती. १९९० मध्ये भारताला एकच सुवर्ण मिळालं, तेही त्याच वर्षी दाखल झालेल्या कबड्डीत. कबड्डी नसती तर त्या वर्षीचा सुवर्णांचा रकाना शून्य दिसला असता.

कंपाउंड तिरंदाजी एशियाडमध्ये २०१४ पासून आहे. हांगझोमध्ये कंपाउंडचे पाच इव्हेंट झाले आणि पाचही सुवर्णं भारताने घेतली. नागपूरचा ओजस देवतळे त्यातल्या तिघांत होता, साताऱ्याची अदिती स्वामी महिला संघात होती. त्यांची कामगिरी अस्सल आहे, त्यात शंका नाही. पण २०१० शी तुलना करताना हे विसरू नका की तेव्हा हे इव्हेंटच नव्हते.

यावर उपाय साधा आहे. दोन्ही वर्षांत असलेले इव्हेंट तेवढे वेगळे काढा आणि तुलना त्यांच्यापुरती करा. नमुना लहान होईल, पण तुलना न्याय्य होईल.

चौथा प्रश्न: शून्य की रिकामी जागा?

२०१० च्या ग्वांगझो एशियाडमध्ये क्रिकेट होतं. भारताचं पदक? नाही. पण भारत हरला म्हणून नव्हे, भारताने संघच पाठवला नव्हता. २०१४ मध्येही तेच. हांगझोमध्ये पुरुष आणि महिला, दोन्ही संघ गेले आणि दोन्ही सुवर्णं घेऊन आले.

तुमच्या डेटात २०१० च्या क्रिकेटसमोर ० लिहिलंत, तर ‘२०१० मध्ये भारत क्रिकेटमध्ये कच्चा होता आणि नंतर सुधारला’ असा निष्कर्ष निघेल. त्याच्या पुढच्याच वर्षी भारताने वनडे विश्वचषक जिंकला होता! ‘उतरले आणि मिळालं नाही’ आणि ‘उतरलेच नाहीत’ यांना डेटात वेगळी खूण हवी. सर्वेक्षण करणाऱ्यांनो, ‘नाही’ असं उत्तर आणि उत्तरच न मिळणं यातला फरक हाच आहे.

पाचवा प्रश्न: आकडा कोणत्या तारखेचा?

२०१८ चं एशियाड संपलं तेव्हा भारताची पदकं ६९ होती: १५, २४, ३०. वर मी ७० लिहिली आहेत. दोन्ही बरोबर आहेत. बहरीनच्या एका धावपटूवर डोपिंगची कारवाई झाली. त्यामुळे मिश्र रिलेत भारताच्या रौप्याचं सुवर्ण झालं आणि ४०० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत चौथ्या आलेल्या अनू राघवनला कांस्य मिळालं.

उलटंही घडतं. २००२ च्या बुसान एशियाडनंतर सुनीता रानीची पदकं डोपिंगच्या आरोपावरून काढून घेतली गेली आणि नंतर आरोप टिकला नाही म्हणून परत दिली गेली. मधल्या काळात ज्याने तक्ता उतरवून घेतला असेल, त्याचा आकडा वेगळाच असणार.

म्हणून आकडा कुठून आणि कोणत्या दिवशी घेतला, हे त्याच दिवशी लिहून ठेवा. दोन वर्षांनी गाईडनी विचारलं तर आठवणार नाही.

सहावा आणि सगळ्यात अवघड प्रश्न: नक्की काय मोजतोय?

हांगझोमध्ये १०७ पदकं, २८ सुवर्णं. दहा महिन्यांनी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ६ पदकं आणि एकही सुवर्ण नाही. ‘अचानक काय बिघडलं?’ असं बऱ्याच जणांनी विचारलं. बिघडलं होतं का, हे ठरवण्याआधी ती २८ सुवर्णं उघडून बघू.

कंपाउंड तिरंदाजी ५, क्रिकेट २, कबड्डी २, स्क्वॉश २. यातलं काहीच पॅरिसमध्ये नव्हतं. नेमबाजीतल्या ७ सुवर्णांपैकी ५ सांघिक इव्हेंटमधली. तेही इव्हेंट पॅरिसमध्ये नव्हते. झाली १६. म्हणजे बीडच्या अविनाश साबळेची स्टीपलचेस, नीरज चोप्राची भालाफेक, हॉकी, बॅडमिंटन दुहेरी अशी फक्त १२ सुवर्णं पॅरिसमध्ये असलेल्या इव्हेंटमधली होती. शिवाय त्या इव्हेंटमध्ये ऑलिंपिकला आशियाबाहेरचेही सगळे येतात.

एशियाडची पदकसंख्या ‘ऑलिंपिकची तयारी’ मोजत नाही. ती ‘आशियात, त्या यादीतल्या खेळांत, त्या वर्षी’ असलेलं बळ मोजते. आपल्याला जे मोजायचंय आणि आपला आकडा जे मोजतो, ते एकच आहे का? संशोधन पद्धतीच्या पुस्तकात याला वैधता म्हणतात. हा प्रश्न फक्त पुस्तकापुरता नाही. पदकांवर बघून कोणत्या खेळाला पैसा द्यायचा हे ठरत असेल, तर चुकीच्या आकड्याची किंमत एखादी धावपटू मोजते. आणि पॅरिसनंतर ‘खेळाडू कमी पडले’ असं म्हणताना आपण त्यांना न झालेल्या परीक्षेत नापास करत असतो.

मग वाक्य कसं लिहायचं?

सुरुवातीचं वाक्य असं करता येईल: ‘एकूण पदकांच्या निकषावर हांगझो ही भारताची तोवरची सर्वोत्तम कामगिरी आहे; मात्र इव्हेंटची संख्या ५७ वरून ४८१ आणि देशांची संख्या ११ वरून ४५ झाल्यामुळे १९५१ शी थेट तुलना करता येत नाही.’ वाक्य लांबलं, थोडं नीरसही झालं. पण परीक्षकाने कुठूनही ओढलं तरी ते तुटणार नाही.

शेवटी थोडा गृहपाठ. हांगझोच्या तक्त्यात जपानची सुवर्णं ५२ आणि एकूण १८८. दक्षिण कोरियाची सुवर्णं ४२ आणि एकूण १९०. दुसरा नंबर कोणाचा? तुमचा नियम आधी कागदावर लिहा, मग उत्तर द्या. २०२६ च्या आइची-नागोया एशियाडचे आकडे डेटात जोडणार असाल, तर तेही मोजमाप ठरवून मगच उघडा. आकडे बघून नियम ठरवला की मनासारखं उत्तर हमखास मिळतं, आणि व्हायवाला पहिला प्रश्न नेमका त्यावरच येतो.