आठवड्याची बाटली रोज घेऊ नका

भगिनींनो, अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वे पाण्यात नव्हे, स्निग्ध पदार्थांत विरघळतात. म्हणून गाजर, पालेभाजीला तेलाची फोडणी हवी. पोटात पित्तरस त्या तेलाचे बारीक थेंब करतो, तेव्हाच ही जीवनसत्त्वे अंगी लागतात. औषध कारखान्यात हेच काम आधी करून ठेवतात. तेलाचे अतिसूक्ष्म थेंब पाण्यात मिसळून छोट्या बाटलीत भरतात. दुधातली स्निग्धताही अशीच थेंबाथेंबाने विखुरलेली असते. ज्यांना स्निग्ध पचत नाही, त्यांना अशा औषधाचा उपयोग होतो.

पण आम्ही त्याची दुसरी बाजूही पाहिली. आमच्या वस्तीतील एका ताईंना डॉक्टरांनी ड जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची बाटली आठवड्याला एक सांगितली होती. ताकद येईल म्हणून त्या दोन महिने रोज घेत राहिल्या. शेवटी उलट्या सुरू झाल्या आणि दवाखाना गाठावा लागला. ही जीवनसत्त्वे शरीरात साठतात. ड फार झाले की रक्तात कॅल्शियम वाढते, मूत्रपिंडाला अपाय होतो.

म्हणून चिठ्ठी नीट वाचा. वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या लेकीकडून वाचून घ्या. विचारण्यात कमीपणा नाही.