निसार उपग्रहाची योजना

पिंपरी-चिंचवड व चाकण या औद्योगिक पट्ट्यांतील आमच्या वाचकांस मापनाचें महत्त्व सांगावयास नको. येथील कारखान्यांत क्रँकशाफ्ट घांसतांना मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचाही हिशेब ठेवावा लागतो. परंतु ज्या भूमीवर हे कारखाने उभे आहेत, ती भूमीच खचली किंवा सरकली तर तें कशानें मोजावें? या प्रश्नाचें एक उत्तर म्हणून भारत व अमेरिका यांनीं मिळून ‘निसार’ नांवाचा उपग्रह सिद्ध केला. त्याची योजना कशी आंखली गेली, तें थोडक्यांत पाहूं.

ता. ३० जुलै २०१४ रोजीं आपल्याच जिल्ह्यांतील आंबेगांव तालुक्यांत, माळीण गांवावर अतिवृष्टीनें डोंगर कोसळला व सुमारें १५० माणसें मृत्युमुखीं पडलीं. अशा दिवसांत सह्याद्रीवर ढगांचें दाट आच्छादन असतें. धोका अधिक असतो, नेमकें तेव्हांच छायाचित्रें घेणाऱ्या साध्या उपग्रहास कांहीं दिसत नाहीं. रडार मात्र स्वतःच रेडिओलहरी सोडतें व त्यांचा प्रतिध्वनि टिपतें. त्यास रात्रीची किंवा ढगांची अडचण नाहीं. म्हणून योजनाकारांनीं रडार पसंत केलें.

दुसरा प्रश्न लहरींच्या लांबीचा. सुमारें २४ सेंटिमीटरची लहर झाडांच्या पानांतून आंत शिरून जमिनीपर्यंत पोंचूं शकते. सुमारें ९ सेंटिमीटरची लहर पिकें व विरळ झुडपें यांच्या पाहणीस सोयीची असते. निसारवर दोन्ही रडारें बसविलीं. पहिलें अमेरिकेच्या नासानें दिलें, दुसरें आपल्या इस्रोच्या अहमदाबाद येथील केंद्रानें.

तिसरी अडचण उंचीची. उपग्रह ७४७ किलोमीटरांवरून फिरतो. त्याच्या अँटेनाची तबकडी १२ मीटर व्यासाची असली, तरी मोठ्या लहरींचा झोत खालीं येईपर्यंत सुमारें १५ किलोमीटर पसरतो. म्हणजे पिंपरीपासून चाकणपर्यंतचें सारें कांहीं एकाच ठिपक्यांत मिसळून जावयाचें! यावर तोड अशी कीं, उपग्रह पुढें जात असतां एकाच जागेचे असंख्य प्रतिध्वनि सांठवावयाचे व मग गणितानें ते जोडावयाचे. जणू कित्येक किलोमीटर लांबीचा अँटेना वापरल्याप्रमाणें सुमारें १० मीटरपर्यंतचा तपशील यांतून दिसूं लागतो.

आतां भूमि सरकली हें कसें कळतें? परत आलेली लहर चढतींत आहे कीं उतरतींत, हेंही रडार नोंदवितें. जमीन किंचित् खचली तर लहरीस थोडा अधिक मार्ग कापावा लागतो व तिच्या चढउतारांत फरक पडतो. त्यावरून सेंटिमीटरभर हालचालही ओळखतां येते. मात्र त्यासाठीं उपग्रहानें जवळजवळ त्याच मार्गानें पुन्हा आलें पाहिजे. म्हणून त्याची कक्षा दर १२ दिवसांनीं तोच मार्ग येईल अशी ठरविली.

नासा व इस्रो यांचा करार सप्टेंबर २०१४ मध्यें झाला आणि श्रीहरिकोट्याहून उपग्रहाचें उड्डाण ता. ३० जुलै २०२५ रोजीं झालें. योगायोग असा कीं, त्याच दिवशीं माळीणच्या दुर्घटनेस ११ वर्षें पूर्ण झालीं.

तथापि या साधनाची मर्यादाही विद्यार्थ्यांनीं ध्यानीं ठेवावी. मुसळधार पावसांत दरड क्षणार्धांत कोसळते, आणि उपग्रह तर कांहीं दिवसांच्या अंतरानें येतो. त्या क्षणाची सूचना तो देईलच असें नाहीं. परंतु एखादा उतार महिनोन्महिने हळूहळू सरकत असेल, तर तें आधीं कळून गांवकऱ्यांस सुरक्षित स्थळीं जाण्यास अवधि मिळूं शकेल. आंकडे आकाशांतून येतील. ते वाचणारा, त्या उतारावर चढून भेगा पाहणारा व गांवकऱ्यांस त्यांच्याच भाषेंत समजावून सांगणारा मनुष्य मात्र आपल्यांतूनच निघावयास हवा. आमच्या शाळेच्या गणित व भूगोलाच्या वर्गांतून असे कांहीं विद्यार्थी तयार व्हावेत, अशी आमची इच्छा आहे.